मंदाताई आणि लीडसाहेब

माझी एक मैत्रीण इलेक्ट्रिक गिटारी बनवते असं मी पुण्यात कुणाला सांगितलं, की तो माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या नवऱ्याकडे बघतो. नवरा मान हलवतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला, की मैत्रीण म्हणजे कुणी कॉलेजातली मुलगी आहे का. नाही हो. साठी केव्हाच उलटलेली, कांजी केलेली सुती साडी नेसणारी, मोठ्यानं बोलणारी आणि त्याहून मोठ्यानं हसणारी, भोपाळच्या बरखेड्यातली मंदाताई देवतळे. लोकांना पटत नाही. न पटो. मला काय त्यांचं सर्टिफिकेट हवंय?

आम्ही दोघींनी तिथल्या वीजयंत्रांच्या कारखान्याच्या वाइंडिंग सेक्शनमध्ये समोरासमोर बसून नोकरी केली. मोठ्या मशिनींच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, ती भरायचं आमचं काम. रिटायर झाल्यावरही आमची घरं जवळजवळच राहिली, त्यामुळे या बाईचा सहवास मला शिक्षा पूर्ण झाल्यावरही भोगावा लागला, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे. मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, पण मंदाताई कळतात. आणि मला सांगायचंय ते मुख्यतः त्या एका गणपतीबद्दल, ज्या वर्षी त्यांच्या नवऱ्याच्या खांद्यानं संप पुकारला आणि त्या माणसाची गिटार कायमची सुटायची वेळ आली. पण आधी ही बाई काय चीज आहे ते कळायला हवं. नाहीतर तिनं त्या वर्षी काय केलं ते तुम्हाला नुसतं सुतारकाम वाटेल.

नवरा म्हणजे प्रभाकरराव. हे कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये. लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडाचा नमुना करतात, तो करणारे. हाताला अतिशय सफाई, स्वभावाला अतिशय चुळबुळ. कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात ते लीड गिटार वाजवायचे, म्हणून मंदाताई त्यांना ‘लीडसाहेब’ म्हणायच्या. तेही कौतुकानं नाही. ‘लीडसाहेब, दळण आणता का,’ अशा सुरात.

त्यांची गिटार होती सेकंडहँड, मानेच्या बुडाशी दोन बाजूंना दोन शिंगं फुटलेली, जुन्या धाटणीची. एके दिवशी ती मुकी झाली. न्यू मार्केटातला दुरुस्तीवाला म्हणाला, आतला पिकअप गेला, नवीन मुंबईहून मागवावा लागेल. मंदाताईंनी पोळ्या करता करता पिकअप म्हणजे काय ते विचारलं, लीडसाहेबांना नीट सांगता येईना, तेव्हा यांनी गॅस बंद केला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गिटार उघडली. आत काय, तर चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, केसाहून बारीक. मंदाताई मला दुसऱ्या दिवशी सेक्शनमध्ये सांगत होत्या, ‘अवो, हे तर आपल्याच खात्यातलं निघालं!’ इतका आनंद त्यांना मुलगा इंजिनिअर झाला तेव्हाही झालेला मी पाहिला नाही. ती तार त्यांनी घरीच पुन्हा भरली. गिटार पहिल्यापेक्षा गोड वाजते असं लीडसाहेब म्हणाले. बायको समोर उभी असताना माणूस दुसरं काय म्हणणार, हा भाग वेगळा. पण मग दुसऱ्यांच्या गिटारी दुरुस्तीला यायला लागल्या, आणि हळूहळू अख्खी गिटारच घरी बनायला लागली. लाकूड त्यांचं, वीज हिची.

आणि मग साचा आला. त्या जुन्या गिटारीला प्लायवूडवर आडवी झोपवून मंदाताईंनी पेन्सिलीनं तिची कड काढून घेतली, लीडसाहेबांकडून कापून घेतली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर टांगली. त्या घरातली प्रत्येक गिटार त्या साच्यातून निघायची. लाकूड सागवानच, ते सुद्धा जुनं आणि भरीव. शिंगं तेवढीच. कड तशीच. सुताइतकाही फरक केलेला त्यांना खपायचा नाही. त्यांचं म्हणणं असं, की ज्यानं पहिल्यांदा बनवली त्यानं विचार करूनच बनवली असेल नं, तुम्ही काल उठले अन् त्याला शिकवून राहिले. मी कधी म्हटलं, की मंदाताई, ही अमेरिकेतली वस्तू, ही आपली परंपरा कधीपासून झाली? तर म्हणायच्या, मिरची तरी कुठं आपली होती.

बरं, बाई इतर बाबतीत जुन्या वळणाची असती तर समजू शकले असते. छे. तार भरायचं यंत्र त्यांनी मोडक्या मिक्सरच्या मोटरवर केलेलं. तार ऑनलाइन मागवायच्या. सांडगे एअरफ्रायरमध्ये तळायच्या आणि सत्यनारायणाची पूजा सांगायला गुरुजी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर असायचे. आरतीचं ताट फोनसमोर ओवाळलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. सगळं बदला, फक्त गिटारीला हात लावू नका, असा एकंदर कारभार.

त्यांची तार भरायची रीतही त्यांचीच. कारखान्यात मशीनला आकडा मोजणारं घड्याळ होतं, घरी नव्हतं. मग यांनी काय केलं, लहानपणी पाठ झालेलं एक स्तोत्र म्हणत तार भरायला सुरुवात केली. मोटरचा वेग ठरलेला, म्हणायचा वेगही ठरलेला, म्हणजे अमुक आवर्तनं झाली की पिकअप तयार. एखादं आवर्तन कमी केलं की आवाज कोवळा, जास्त केलं की तिखट. गिऱ्हाइकांनाही ही भाषा पाठ झाली होती. एकदा एक पोरगा आला, अंगात कवटीचं चित्र असलेला काळा टीशर्ट, दंडावर साप गोंदलेला, केस माझ्या तरुणपणी होते त्याहून लांब. म्हणाला, आंटीजी, आवाज एकदम खतरनाक चाहिए. मंदाताईंनी त्याला पाट दिला आणि सांगितलं की बस, पण मध्ये बोलायचं नाही, बोललास तर मोजणी चुकेल आणि पहिल्यापासून म्हणावं लागेल. तो बसला मांडी घालून. मोटर घरघरतेय, बाईंचं स्तोत्र चाललंय, साप गोंदलेला पोरगा हात जोडून बसलाय. शेवटी शेवटी तो ओठ हलवायला लागला होता. जाताना गिटारीच्या पाया पडला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्याही पडला. मी तिथं नुसती मेथी निवडत होते.

खंडेनवमीला तर त्या घरात पाहण्यासारखं असायचं. पटाशी, रंधा, करवत, मिक्सरची मोटर, आणि तयार असतील तितक्या सगळ्या गिटारी चौरंगावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि भरपूर अक्षता. भरपूर म्हणजे मूठभर. लग्नात टाकतात तशा वरून. एका वर्षी दसऱ्यानंतर कॉलेजच्या बँडमधला एक दाढीवाला तक्रार घेऊन आला, की नवी गिटार खालच्या एका सुरावर किरकिरते, बाकी सगळीकडे गुणी बाळासारखी वागते. दोघांनी तारा बदलल्या, मानेवरचे पडदे घासले, स्क्रू आवळले, एकमेकांच्या खात्यावर दोष ढकलून झाले. अखेर मंदाताईंनी गिटार उलटी धरून हलवली तर पिकअपच्या खाचेतून तांदळाचे दाणे पडले. लाल, हळदकुंकवाचे. तो सूर लागला की आत दाणे थयथय नाचायचे. दुसऱ्या कुणी कान धरले असते. मंदाताई त्या पोराला म्हणाल्या, ‘आशीर्वाद आवाज करून राहिला, बाकी काही नाही.’ आणि दाणे परत त्याच्याच हातावर ठेवले, खिशात ठेव म्हणून.

आता यांचं भांडण. लीडसाहेबांच्या डोक्यात सुधारणेचा किडा होता आणि तो महिन्याला एकदा तरी वळवळायचा. कड थोडी गोल करू. मागून पोटाशी जरा खोलगट घेऊ. पडद्यांवर दिवे लावू. आतून लाकूड कोरलं तर वजन कमी होईल. मंदाताईंचं उत्तर ‘नाही’ असं एका शब्दात असायचं आणि मग त्याचं स्पष्टीकरण जेवण होईपर्यंत चालायचं. एकदा लीडसाहेबांनी गुपचूप एका गिटारीत, वरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली दिसणार नाही अशा जागी, लाकूड कोरलं. मंदाताईंनी ती नुसती उचलली आणि खाली ठेवली. दुपारी मी तिथंच जेवायला होते. ताटात पिठलं वाढलं, ते बघून मला काही कळेना. गरम पाणी, त्यावर मोहरी, मिरची, कोथिंबीर. लीडसाहेबांनी चमचा फिरवून बघितला आणि बायकोकडे पाहिलं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘सुधारित पिठलं आहे. बेसन काढलं. हलकं झालं.’ लीडसाहेब ते मुकाट्यानं प्यायले. मला मात्र आतून खरं पिठलं आणून वाढलं, कारण मी परंपरेच्या बाजूची, असं त्यांनी परस्पर ठरवलेलं होतं.

अशी सगळी मजा चालली होती. भांडण हा त्या घराचा पंखा होता, तो चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं आम्हा शेजाऱ्यांना वाटायचं.

मग लीडसाहेबांचा खांदा गेला. पडले नाहीत, आपटले नाहीत, एक दिवस गिटारीचा पट्टा खांद्याला अडकवून उभे राहिले आणि कळ थेट मानेपर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले वयोमान आहे, हात चालेल, बोटं चालतील, पण खांद्यावर वजन घ्यायचं नाही, कधीच नाही. आणि मंदाताईंच्या साच्यातली गिटार म्हणजे सागवानाचा ओंडका. उचलताना माझ्याही तोंडून ‘आई गं’ निघायचं. गणपती जवळ आले होते. गणपतीत ऑर्केस्ट्रा, आणि ऑर्केस्ट्रात लीडसाहेब, हे बरखेड्यात इतकं ठरलेलं होतं की कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नावही कुणी छापत नसे.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. मंदाताई म्हणाल्या, बसून वाजवा. बसले. तर मधे पोट. गिटारीची काटकोनी कड पोटात रुतायला लागली. लीडसाहेब म्हणाले की हीच कड मी इतकी वर्षं खोलगट करू म्हणत होतो. मंदाताईंनी पोटाकडे बघितलं, जणू साच्यात चूक नाही, पोटात आहे. मग दुसरी युक्ती. हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या होत्या. मंदाताईंनी फळी काढली आणि दोरीनं गिटारच टांगली, म्हणजे खांद्यावर भारच नको. लीडसाहेब पुढे उभे राहिले. तार छेडली, गिटार निघाली स्वयंपाकघराकडे. हे तिच्यामागे दोन पावलं गेले, ती परत आली आणि यांच्या पोटावर आदळली. मग एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं मंदाताईंनी, बारशाला पाळणा धरतात तशी. मला राहवेना, मी विचारलं, नाव काय ठेवायचं? झालं. मंदाताई जमिनीवर बसून हसायला लागल्या, मी दोरी सोडली, गिटार एकटीच झोके घेत राहिली. लीडसाहेबही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी दोरी सोडवली, गिटार पुसली, पेटीत घातली आणि पेटी कपाटावर चढवायला मला मदत मागितली. बायकोला नाही, मला.

त्यानंतर ते तालमीला गेले नाहीत. मैदानापलीकडच्या हॉलमध्ये तालीम चालायची, त्यांच्या खिडकीतून ऐकू यायची. कीबोर्डवाला यांचा तुकडा कीबोर्डवर वाजवायला लागला होता, त्यात गिटारीचं बटण असतं म्हणे. ते ऐकू आलं की लीडसाहेब उठून खिडकी लावायचे. बोलायचे सगळ्यांशी नीट. चहा छान झाला म्हणायचे. सुधारणेचं नाव काढत नव्हते.

एके सकाळी मंदाताई आणि मी भाजी घेत होतो. त्यांच्या हातात भेंडी होती, मोडून बघत होत्या, आणि बघता बघता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाल्या, ‘अवो, हे माझ्याशी भांडूनच नाही राहिले. काही म्हटलं तर हो म्हणतात. असा गप्प बसला नं हा माणूस, तर मी कोणासोबत राहू?’ भाजीवाला घाबरला आणि म्हणाला, अम्मा, भिंडी ताज़ी है. त्यावर त्या रडता रडता त्याच्यावर डाफरल्या की ताजी असती तर मोडली असती. तेवढ्यानं मला जरा धीर आला.

घरी आल्यावर त्यांनी खिळ्यावरून साचा काढला. मी तिथंच होते. जमिनीवर ठेवला, पेन्सिल घेतली, आणि बसून राहिल्या. चहा केला, प्यायल्या, पुन्हा बसून राहिल्या. मग त्या साच्यावरच रेघ मारली, एक शिंग छाटायची. करवत आणली. करवतीचा आवाज ऐकून लीडसाहेब आतून आले आणि दारातच थबकले. इतकी वर्षं बदल कर, बदल कर म्हणून डोकं खाल्लेला माणूस, पण त्यांनाच बघवेना. म्हणाले, ‘अगं मंदा, दुसऱ्या प्लायवर काढ. तो राहू दे.’

मंदाताईंनी वर पाहिलं नाही. ‘राहिला तर मी परत त्याच्याकडेच जाईन,’ म्हणाल्या आणि करवत चालवली. शिंग खाली पडलं. लीडसाहेब खुर्चीवर बसले. मग म्हणाले, करवत तिरपी गेली. आणि पंखा पुन्हा चालू झाला.

पुढचे दिवस काय सांगू तुम्हाला. लीडसाहेब आरामखुर्चीत, खांद्यावर गरम पाण्याची पिशवी, आणि मंदाताई पदर खोचून जमिनीवर, हातात पटाशी. जन्मात लाकडाला हात लावला नव्हता बाईनं. सागवान बाद करून शिवणीचं लाकूड आणलं, वजनाला हलकं आणि बिलकूल न तडकणारं. लीडसाहेब हुकूम सोडायचे, मंदाताई ऐकायच्या नाहीत, लाकूड खराब व्हायचं, पुन्हा नवी फळी. आतून पोकळ कप्पे कोरायचे, तेच, ज्यांच्यापायी पिठल्याचं पाणी प्यावं लागलं होतं. लीडसाहेबांनी त्याची आठवण करून दिली. मंदाताई म्हणाल्या की तेव्हा तुम्ही चोरून कोरलं होतं, मी सांगून कोरून राहिली.

आणि एकदा हात मोकळा झाल्यावर बाई थांबायचं नाव घेईना. पोटाशी खोलगट घ्यायचं, तर अंदाजानं कशाला? नवऱ्याला दाराच्या चौकटीत बाजूला तोंड करून उभा केला, मी मागून पुठ्ठा धरला, आणि मंदाताईंनी त्याच्या पोटाची रेघ पेन्सिलीनं काढून घेतली. श्वास आत घ्यायचा नाही अशी ताकीद होती. त्यांनी घेतला. पुन्हा काढली. मग तो पुठ्ठा कापून देव्हाऱ्याशेजारच्या रिकाम्या खिळ्यावर टांगला. येणाऱ्याजाणाऱ्यानं हे काय म्हणून विचारू नये यासाठी लीडसाहेब त्यावर टॉवेल टाकायचे. दुसरं शिंग काढू, ही पट्टी कशाला, ते बटण कशाला, असा बाईंनी सपाटा लावला, तेव्हा लीडसाहेबच हात जोडायला लागले की परंपरा म्हणून काही असते की नाही.

अडलं ते एकाच ठिकाणी. मुंडकं. गिटारीच्या मानेच्या टोकाला जो चपटा भाग असतो, खुंट्या असतात, तो. वजन त्याचंच जास्त, आणि डाव्या खांद्याला ओढ त्याचीच. लीडसाहेबांनी मोबाइलवर दाखवलं की हल्ली मुंडकं नसलेल्या गिटारी करतात, तारा वर नुसत्या अडकवतात आणि सुराच्या खुंट्या खाली, बुडाशी. मंदाताईंचा चेहरा उतरला. शिंग छाटलं ते छाटलं, पण मुंडकंच नाही अशी वस्तू घरात कशी ठेवायची? मूर्तीचा कान तुटला तरी आपण ती पाण्यात सोडतो. आणि ही नेऊन गणपतीसमोर वाजवायची?

लीडसाहेब म्हणाले, ‘ज्याच्यासमोर वाजवायची त्याचंच मुंडकं बदललेलं आहे.’

मी म्हटलं आता या बाईची बोलती बंद. पण मंदाताईंना असं हरवता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘बदललं. बिनमुंडक्याचा नाही ठेवला.’

यातून शेवटी जी तडजोड निघाली ती अशी: गिटार बिनमुंडक्याची, आणि तिला वरून शोभेचं मुंडकं. ते थर्माकोलचं. मंडळाच्या मखरातला उरलेला तुकडा आणला, जुन्या धाटणीचा आकार अगदी मन लावून कापला, सागवानी रंग दिला. खुंट्या म्हणून टूथपेस्टची टोपणं, वरून चंदेरी रंग. लांबून बघणाऱ्याच्या बापाला कळलं नसतं. गोंदानं चिकटवलं. लीडसाहेबांनी गिटार खांद्याला लावली. त्यांनी खांदा हलवला, एकदा, पुन्हा, आणि म्हणाले की काही अडकवलंय असं वाटतच नाही. मंदाताई म्हणाल्या, मग आवाज तरी आहे का बघा. आवाज होता. सागवानापेक्षा वेगळा, जरा मोकळा. त्यांनी कान दिला आणि ‘ठीक आहे’ म्हणाल्या. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, ‘ठीक आहे’ ही त्यांची सगळ्यात वरची पायरी.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मांडव भरला होता. लीडसाहेब इस्त्रीचा झब्बा घालून उभे राहिले तेव्हा टाळ्या पडल्या, कारण ते येणार नाहीत असंच सगळे धरून चालले होते. कीबोर्डवाल्यानं आपणहून ते गिटारीचं बटण बंद करून दाखवलं. पहिल्या रांगेत मंदाताई, शेजारी मी. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगड्यांचे वळ उठले.

पहिली गाणी बरी गेली. खांदा टिकला. मग आलं ते नाचाचं गाणं, ज्यात मध्ये गिटारीचा मोठा तुकडा आहे. लीडसाहेब खुशीत आले, मान मागे टाकली, गिटार वर उचलली, कित्येक वर्षांत उचलली नव्हती तशी, आणि तेवढ्या झटक्यानं मुंडकं सुटलं. हवेत गेलं, स्टेजच्या कडेवर आपटलं आणि घरंगळत थेट पहिल्या रांगेसमोर येऊन पडलं.

मांडवातून ‘अरे’ असा एकच आवाज आला. एका बाईनं तोंडाला पदर लावला. लीडसाहेबांचे हात जागच्या जागी थांबले. तारांना काही झालेलं नव्हतं, सूर तिळभर हलला नव्हता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी थांबले, आणि बघितलं ते बायकोकडे. त्या नजरेत आता हिच्या गिटारीची शोभा झाली, ही आता परत मला वाजवू देणार नाही, असं सगळं होतं. ढोलकवाला बिचारा ठेका धरून राहिला होता, दुसरं काय करणार.

मंदाताई उठल्या. मला वाटलं मुंडकं उचलायला उठल्या. त्या त्याला ओलांडून स्टेजला जाऊन टेकल्या आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘थांबता काऊन? ते शोभेचं होतं. गिटार हातात आहे नं तुमच्या!’

आणि मग तो माणूस जो वाजवत सुटला म्हणता. तुकडा संपला तरी थांबेना, ढोलकवाल्यानं हसत हसत पुन्हा ठेका धरला, मागच्या रांगा उभ्या राहिल्या, माणसं नाचायला लागली. मंदाताई जागेवर परत आल्याच नाहीत, तिथंच स्टेजला टेकून टाळ्या वाजवत राहिल्या, ठेक्यात नाही, आपल्याच. गर्दी ओसरल्यावर मुंडकं मीच शोधलं, कुणाचा तरी पाय पडून त्याचे दोन तुकडे झाले होते. चिकटवायचं का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, कशाला, लीडसाहेबांना आता सवय झाली.

आम्ही त्यानंतर लगेचच कायमचे पुण्याला आलो. सामान बांधून झालं होतं आणि निघायच्याच दिवशी दुपारी विसर्जनाची मिरवणूक होती, म्हणून मी गॅलरीत उभी राहिले. ढोल गेले, मूर्ती गेली, लेझीम गेलं, आणि मागून मंदाताई आल्या, स्कूटरवर, पाऊलपाऊल चालवत. स्कूटरवर त्यांच्या पायाशी बॅटरीवरचा स्पीकर ठेवलेला. त्यातून निघालेली वायर मागे चालणाऱ्या लीडसाहेबांच्या गिटारीला जोडलेली. ते रस्त्यावरून चालत, गुलालानं माखलेले, मान हलवत वाजवत होते, आणि मध्येच नाचायला थांबायचे, की वायर ताणली जायची. मग मंदाताई ब्रेक लावायच्या, मान वळवून ओरडायच्या, ‘चला नं पुढे, किती नाचता, वायर तुटून जाईन!’ आणि ते तिकडून म्हणायचे, तूच हळू चालव. मी वरून हाक मारली, पण त्या गोंगाटात दोघांनाही ऐकू गेली नाही. भांडत भांडतच ते वळणावर गेले. आधी स्कूटर दिसेनाशी झाली, मग वायर, मग ते.